करवंटीतले घोडे : ध्वनिपरिणामांच्या कलेचा इतिहास

नाटक, नभोनाट्य किंवा चित्रपट यांत संवाद आणि संगीत वगळून जे जे ऐकू येते, म्हणजे पावले, दाराची कडी, पाऊस, वारा, घोड्याच्या टापा, त्या सर्वांना मिळून ‘ध्वनिपरिणाम’ म्हणतात. हे ध्वनी पुष्कळदा मूळ वस्तूपासून घेतलेले नसतात. स्वयंपाकघरातल्या, माळ्यावरच्या किंवा सुताराच्या पडवीतल्या साध्या वस्तूंपासून ते हाताने घडवलेले असतात. या कारागिरीची मुळे प्राचीन रंगभूमीपर्यंत जातात आणि तिच्या साऱ्या इतिहासातून एकच सूत्र पुन्हा पुन्हा हाती लागते : ऐकणाऱ्याला पटणारा आवाज आणि प्रत्यक्षातला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला मिळवण्यासाठी बहुधा दुसऱ्याचा आग्रह सोडावा लागतो.

सर्वांत जुनी धडपड मेघगर्जनेसाठी झाली. ग्रीक रंगभूमीवर गडगडाटासाठी ‘ब्राँटेऑन’ नावाचे साधन असे; काशाच्या भांड्यात खडे ओतून तो आवाज काढत, असे वर्णन मिळते. युरोपातल्या पुढच्या रंगमंदिरांनी हीच कल्पना वाढवत नेली. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १७६६ मध्ये सुरू झालेल्या रंगमंदिराच्या छतात उतरत्या लाकडी पन्हळी बसवलेल्या होत्या आणि त्यांतून लोखंडी गोळे सोडले की प्रेक्षकांच्या डोक्यावरून गर्जना घरंगळत जाई. ही रचना आजही तेथे पाहायला मिळते. ज्यांना एवढा खर्च परवडत नसे त्यांनी लोखंडाचा पातळ पत्रा वरून टांगला आणि खालची कड धरून तो हलवला. वाऱ्यासाठी लाकडी पट्ट्यांचे पिंप आडव्या आसावर बसवून त्यावर ताणलेले जाड कापड टाकीत. दांडा फिरवला की पट्ट्या कापडाला घासत, आणि फिरवण्याचा वेग वाढला की वाऱ्याचा स्वरही चढत जाई. पावसासाठी सुके वाटाणे चाळणीत हळूहळू फिरवले जात. लंडनच्या ड्रुरी लेन रंगमंदिरात १७०९ मध्ये जॉन डेनिस या नाटककाराने आपल्या नाटकासाठी मेघगर्जनेची नवी युक्ती बसवली. नाटक पडले, पण त्याच रंगमंदिरात ‘मॅकबेथ’च्या प्रयोगाला तीच गर्जना वापरलेली पाहून तो संतापला, अशी आख्यायिका आहे. चांगल्या आवाजाला त्या काळीही किती मोल होते, हे तिच्यावरून कळते.

घोड्याच्या टापांसाठी वापरल्या जाणाऱ्या नारळाच्या करवंटीचे उदाहरण थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. करवंटीचा अर्धा भाग पालथा करून कठीण पृष्ठभागावर आपटला की आतल्या पोकळीतली हवा क्षणभर घुमते आणि एक तोकडा, भरीव ‘टप्’ निघतो. खुराच्या आवाजाची ओळख नेमकी याच गुणात असते. तथापि करवंट्या हाती आल्या म्हणून घोडा धावत नाही. चालणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकामागून एक, सारख्या अंतराने पडतात; दुडक्या चालीत कर्णरेषेतले दोन दोन पाय जोडीने पडतात, म्हणून दोनच ठोके ऐकू येतात; भरधाव दौडीत चार ठोके एकमेकांना खेटून येतात आणि त्यानंतर चारही पाय हवेत असतानाची किंचित विश्रांती असते. ती विश्रांती चुकली की कान लगेच अविश्वास दाखवतो. शिवाय फरसबंद रस्त्यासाठी दगडी लादी, कच्च्या वाटेसाठी मातीचे तबक आणि गवतासाठी जाड कापडाची घडी असा पृष्ठभागही बदलावा लागतो. म्हणजेच वस्तू घरगुती असली तरी तिच्यामागचे निरीक्षण कसलेल्या वादकाचे असावे लागते.

रेडिओ आल्यावर या कलेचे महत्त्व एकदम वाढले, कारण श्रोत्याजवळ कानाशिवाय दुसरा आधार उरला नाही. खास रेडिओसाठी लिहिलेल्या आरंभीच्या नाटकांत गणले जाणारे रिचर्ड ह्यूझ यांचे ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रक्षेपित केले. ते वेल्समधील कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यानंतरच्या काळोखात घडते, आणि त्यामुळे श्रोता व पात्रे एकाच अंधारात येतात. त्या काळच्या मायक्रोफोनला मोठा आवाज सोसत नसे आणि सूक्ष्म आवाज त्याच्या पकडीत येत नसे. खऱ्या पावसाची नुसती खरखर ऐकू येई, तर बंदुकीच्या खऱ्या बाराने यंत्रणा गांगरून जाई; म्हणून चामड्याच्या उशीवर सपाट पट्टी मारून गोळी झाडली जाऊ लागली आणि सेलोफेनचा चुरचुरीत कागद चुरगाळून आग पेटवली जाऊ लागली. अमेरिकेत सीबीएस या प्रसारण कंपनीचा ध्वनिपरिणाम विभाग ओरा निकल्स या स्त्रीने नावारूपाला आणला. ३० ऑक्टोबर १९३८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या गाजलेल्या नभोनाट्यात परग्रहावरच्या यानाचे झाकण उघडते तो आवाज काचेच्या बरणीचे झाकण शौचालयातल्या घुमटदार प्रतिध्वनीत फिरवून मिळवला होता, असे सांगितले जाते.

चित्रपट बोलू लागल्यावर हीच परंपरा स्टुडिओत शिरली. ‘द जॅझ सिंगर’ने १९२७ मध्ये बोलपटाचे युग सुरू केल्यावर युनिव्हर्सल कंपनीला आपल्या मूकपट म्हणून घेतलेल्या ‘शो बोट’ला आवाज जोडणे भाग पडले, आणि जॅक फोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावरचे चित्र पाहत पाहत पावले, टाळ्या, हालचाली यांचे आवाज प्रत्यक्ष करून ते ध्वनिमुद्रित केले. चित्र पाहून त्याच्या तालात आवाज करण्याच्या या पद्धतीला पुढे फोलींचेच नाव मिळाले. १९६० च्या ‘स्पार्टाकस’मध्ये गुलामांच्या साखळदंडांचा आवाज त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून काढला, असे सांगतात. त्याच वर्षीच्या ‘सायको’मधील सुऱ्याच्या वारांसाठी खरबुजात सुरा खुपसण्यात आला. चामड्याच्या पिशवीत मक्याचे पीठ भरून दाबले की बर्फावरची पावले आणि हातमोज्यांची जोडी फडफडवली की पक्ष्याचे पंख, ही तर या व्यवसायातली नित्याची साधने झाली. १९६३ मध्ये बीबीसीच्या ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारेवर घराची किल्ली घासली, त्या ध्वनिफितीवर संस्कार केले आणि ‘डॉक्टर हू’ या मालिकेतल्या कालयानाचा आवाज तयार केला.

भारतातही या कामाला खास कारणे होती. मुंबई केंद्रावरून २३ जुलै १९२७ रोजी नियमित प्रसारण सुरू झाले. पुढे मराठी घरांत नभोनाट्य आणि श्रुतिका, म्हणजे केवळ ऐकण्यासाठी रचलेली लहान नाटिका, यांची सवय रुजली. चित्रपटांत मात्र वेगळी अडचण होती : चित्रीकरणस्थळी गोंगाट आणि कॅमेऱ्याची घरघर असल्याने कित्येक दशके संवाद नंतर स्टुडिओत मुद्रित केले जात, आणि मूळ ध्वनी बाजूला पडल्यावर बांगड्यांची किणकिण, पैंजण, वहाणांचा करकराट हे सारे पुन्हा करावे लागे. २००१ च्या ‘लगान’ने चित्रीकरणाच्या वेळीच संवाद मुद्रित करण्याची वाट हिंदीत पुन्हा रूढ केली, तरीही या कारागिरांची गरज संपली नाही. चित्रपट दुसऱ्या भाषेत नेताना मूळ संवादांबरोबर त्यांत मिसळलेले बारीक आवाजही निघून जातात आणि ते नव्याने भरावे लागतात.

आज हजारो आवाज संगणकावर तयार मिळतात, तरी पात्राच्या थकव्याने जड झालेले पाऊल अशा साठ्यातून सहसा सापडत नाही. ते त्या पात्राकडे पाहत कुणीतरी चालूनच द्यावे लागते. म्हणून ध्वनिपरिणाम हा तांत्रिक सोपस्कार नसून हातापायांनी केलेला अभिनय आहे, आणि त्याची गणना अभिनयातच व्हायला हवी. मराठी नाट्यसंस्थांनी आणि आकाशवाणी केंद्रांनी या कारागिरांची नावे श्रेयनामावलीत ठळकपणे द्यावीत आणि जुन्या जाणत्यांच्या पद्धती, त्यांच्या साधनांसह, लिहून ठेवण्याचे काम हाती घ्यावे.