चूल, स्टोव्ह आणि गॅस : निगेचा एक इतिहास

स्वयंपाकाचा इतिहास लिहिताना पदार्थांची नावे सर्वांना आठवतात. पण ज्या विस्तवावर ते शिजले, तो विस्तव स्वच्छ कोणी ठेवला, याची नोंद क्वचितच होते. वस्तुतः दर पिढीला नवी चूल मिळाली आणि दर वेळी तिची निगा राखण्याची विद्या गृहिणीला नव्याने शिकावी लागली.

मातीच्या चुलीपासून आरंभ करू. रात्री निखारे राखेखाली झाकावयाचे, पहाटे राख काढावयाची, चुलीला पोतेरे घालावयाचे आणि तडा दिसताच शेणामातीने लिंपावयाचा, हा नित्यक्रम होता. यात सोवळ्याचा भाग होता, तसाच व्यवहाराचाही होता. राख साचली की वारा कोंडतो, जळण धुमसते आणि धूर होतो. तडा राहिला की आच वाया जाते. भांड्याला बाहेरून मातीचा लेप दिला म्हणजे काजळी लवकर निघते. श्रावणातील शीतला सप्तमीला अनेक घरांतून चूल पेटवीत नाहीत. त्या निमित्ताने चुलीलाही विश्रांती मिळे. मात्र एवढी निगा राखूनही धूर काही सुटला नाही. डोळे आणि छाती यांची किंमत देऊनच आपल्या आज्या-पणज्यांनी घरे पोसली.

१८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने प्रायमस स्टोव्ह तयार केला. पंपाने टाकीत हवा भरावयाची, पेटत्या काकड्याने बर्नर तापवावयाचा. मग रॉकेलची वाफ होऊन बारीक छिद्रातून बाहेर पडते आणि जवळजवळ बिनधुराची ज्योत मिळते. शहरातील चाळींतून हा स्टोव्ह घरोघरी गेला. त्याबरोबर नवी निगा आली : छिद्रात पिन मारणे, पंपाचे चामडी वायसर ओले ठेवणे, टाकीचे झाकण घट्ट आहे की नाही ते पाहणे. येथे हयगय झाली तर नुसता धूर होऊन भागत नसे. छिद्र तुंबले असता हवा भरतच राहणे, पेटत्या स्टोव्हात रॉकेल ओतणे, पदर सुटा ठेवणे, यांमुळे कितीतरी भगिनी भाजल्या.

आणखी एक कटु सत्य सांगितले पाहिजे. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे शब्द पुढे पुष्कळदा खऱ्या गुन्ह्यावरचे पांघरूण ठरले. हुंड्यापायी सुना जाळल्या जात आणि दोष मात्र स्टोव्हवर जाई. स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठविला. १९८३ साली दंडविधानात ४९८ अ आणि १९८६ साली हुंडाबळीविषयीचे ३०४ ब हे कलम आले. स्टोव्हचे कार्य ज्यांना ठाऊक होते, त्यांना असली सबब सहज पटण्यासारखी नव्हती.

गॅसचे सिलिंडर मुंबईत १९५५ साली बर्मा शेल कंपनीने आणले. १९६५ साली कलकत्त्यात ‘इंडेन’ सुरू झाला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. राख गेली, पिन गेली. निगा मात्र गेली नाही. गॅसच्या शेगडीत ज्वलनापूर्वीच हवा आत ओढली जाते. ज्योत निळी असली म्हणजे हवा पुरेशी आहे असे समजावे. ती पिवळी होऊन भांड्याचे बूड काळे होऊ लागले, तर बर्नर किंवा हवेची वाट तुंबली आहे. रथसप्तमीला दूध उतू जाणे शुभ मानतात. बर्नरवर सांडलेले दूध मात्र त्याची छिद्रे बुजवते.

म्हणून रेग्युलेटर बंद करून, शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढावा. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशाने घासावा, छिद्रे मोकळी करावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. आतील बारीक जेटमध्ये मात्र तार घालू नये; भोक मोठे झाले तर ज्योत बिघडते. नळीला चीर दिसली तर ती लगेच बदलावी. हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या बटणाला हात लावू नये.

ही विद्या आजवर सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे आली. आता ती मुलग्यांनाही शिकवू या. ज्याला चहा करता येतो, त्याला बर्नरही पुसता आला पाहिजे. ज्योत निळी ठेवणे हे घरातल्या प्रत्येकाचे काम आहे.