वारेतलं उरलेलं रक्त

बाळ रडलं की खोलीतल्या साऱ्यांचे डोळे त्याच्याकडे लागतात. नाळ कापली जाते, थोड्या वेळानं वार पडते. आपल्याकडे ती घराजवळ पुरायची रीत होती. गावाशी असलेलं नातं सांगताना ‘माझी नाळ इथे पुरलीय’ असं माणूस आजही म्हणतो. इस्पितळात मात्र वार कचऱ्यात जाई, आणि तिच्यासोबत जाई नाळेत नि वारेत उरलेलं कपभर रक्त.

ते रक्त साधं नाही, ही शंका जुनी आहे. 1972 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एंडे बंधूंनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका सोळा वर्षांच्या मुलाला अनेक बाळांच्या नाळेतलं रक्त दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1974 मध्ये नुटझॉन यांनी दाखवलं, की या रक्तात रक्त घडवणाऱ्या पेशी आहेत. पुढे इंडियानापोलिसच्या हॅल ब्रॉक्समायर यांनी या मूलपेशी मोजल्या आणि गोठवूनही त्या जगतात, हे सिद्ध केलं.

ऑक्टोबर 1988 मध्ये त्याची कसोटी लागली. फॅन्कोनी ॲनिमिया या जन्मजात आजारानं अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त घडवणारा गर, निकामी होत चाललेला पाच वर्षांचा एक अमेरिकन मुलगा पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात दाखल होता. त्याच्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी जपलेलं नाळेतलं रक्त गोठवलेल्या अवस्थेत विमानानं तिथे पोचलं आणि एलियान ग्लुकमन यांनी ते त्याला दिलं. मुलगा बरा झाला, मोठा झाला. 1990 च्या दशकाच्या आरंभी पाब्लो रुबिनस्टाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक नाळरक्तपेढी उभी केली. आता बहीण-भावाचं नातं असण्याची गरज उरली नाही. अनोळखी आईनं दिलेली पिशवी अनोळखी रुग्णाला मिळू लागली.

अडचण मोठ्या माणसांची होती, आणि ती सरळ हिशेबाची होती. दर किलो वजनामागे निदान अडीच कोटी पेशी हव्यात, असा ठोकताळा डॉक्टर धरत. वीस किलोच्या मुलाला 50 कोटी पुरतात, सत्तर किलोच्या माणसाला 175 कोटी लागतात. कपभर रक्तात इतक्या पेशी क्वचितच सापडतात. पेशी कमी पडल्या की नवी मज्जा रुजायला वेळ लागतो, आणि तेवढ्या आठवड्यांत साधा जंतूही जीव घेऊ शकतो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नाळेतलं रक्त दिलेल्या 68 प्रौढांपैकी 19 जण हयात होते. मात्र ते 68 जण मुळातच अत्यवस्थ होते, दुसरा जुळणारा दाता त्यांना मिळालाच नव्हता.

त्या 19 जणांमुळे डॉक्टरांनी हात टेकले नाहीत. 2004 मध्ये नाळेतलं रक्त आणि मज्जा यांची तुलना करणारे दोन मोठे अभ्यास छापून आले आणि मज्जादाता नसलेल्या प्रौढांसाठी नाळेतलं रक्त हा खरा पर्याय ठरला. या रक्तातल्या पेशी अजून कोवळ्या असतात, त्यामुळे दाता नि रुग्ण यांच्या ऊतींची जुळणी पूर्ण नसली तरी चालून जातं. शिवाय पिशवी आधीच तयार असते, दात्याला शोधण्यात महिने जात नाहीत.

पेशींच्या तुटवड्यावर मिनेसोटाच्या ज्युलिएट बार्कर आणि जॉन वॅगनर यांनी साधा तोडगा काढला: एका रुग्णाला दोन बाळांच्या दोन पिशव्या. विस्मयाची गोष्ट अशी, की काही आठवड्यांत बहुधा एकाच बाळाच्या पेशी मज्जेत ठाण मांडतात, दुसऱ्याच्या निघून जातात.

पुढे अर्ध्याच जुळणाऱ्या नातलगाची मज्जा वापरण्याची रीत सुधारली आणि नाळेतल्या रक्ताची मागणी ओसरली. पण ही वाट बंद झाली नाही. 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ओमिडुबिसेल या उपचारात एकाच पिशवीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. चाचणीत पांढऱ्या पेशी सावरायला नेहमीचे 22 दिवस न लागता 12 दिवस लागले.

आज आपल्याकडे आईबापांना ‘बाळाचं रक्त बाळासाठीच राखा’ असं सांगून खासगी पेढ्या पैसे घेतात. स्वतःच्या भावी वापरासाठी ते साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं स्पष्ट म्हटलं आहे. रक्ताच्या कर्करोगात तर बाळाच्या स्वतःच्या रक्तात रोगाचं बीज जन्मापासूनच असू शकतं. या रक्ताचा इतिहासही तेच सांगतो. पॅरिसमधल्या त्या मुलाला बहिणीनं तारलं; त्या प्रौढांना तारलं ते परक्यांच्या लेकरांनी. प्रत्यारोपण यशस्वी झालं की रुग्णाचा रक्तगटही बदलून त्या बाळाचा होतो. पन्नाशीची बाई रक्त तपासायला जाते, आणि चिठ्ठीवर असा गट येतो, जो तिच्या आईचाही नसेल, बापाचाही नसेल. तो असतो कधीही न भेटलेल्या एका बाळाचा, ज्याच्या आईनं एका कागदावर सही केली होती.