फ्लॉरेन्सहून आलेली समाधी

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये मी शाळेच्या किती सहली नेल्या, याची मोजदाद नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून दरवर्षी हे काम माझ्याकडे येई. एका वर्षी नववीतल्या एका मुलीने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीच्या चौथऱ्याकडे बोट दाखवून विचारले, "सर, हे कुणी बनवलं?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "पोर्तुगिजांनी." तिने ते वहीत उतरवून घेतले.

शिकवताना माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या असतील. पण ही सलत राहिली. नंतर वाचत गेलो तेव्हा कळले, की तो चौथरा पोर्तुगालमध्ये घडला नाही आणि गोव्यातही नाही. तो घडला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये. आणि त्या काळी 'इटली' नावाचे राज्य नकाशावर नव्हतेच. ते झाले १८६१ साली. त्यापूर्वी होती ती व्हेनिस, जिनोव्हा, नेपल्स, टस्कनी अशी वेगवेगळी राज्ये आणि पोपची सत्ता. त्यामुळे इटलीतले कारागीर, सराफ आणि धर्मगुरू जगभर फिरले ते बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी निशाणाखाली. पूर्वेकडे येणाऱ्याला पोर्तुगिजांचे जहाज सोयीचे. म्हणून इटलीच्या हातचे काम आपल्याकडे 'पोर्तुगीज' या नावाखाली जमा झाले.

समाधीची हकिगत अशी. झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. १५५४ मध्ये त्याचे शव गोव्यात आणले गेले आणि १६२२ मध्ये त्याला संतपद मिळाले. पुढे टस्कनीचा ग्रँड ड्यूक, मेदिची घराण्यातला तिसरा कोझिमो, याच्याकडे जेझुइटांकडून एक भेट पोहोचली : संताच्या डोक्याखालची उशी. कोझिमो कमालीचा भाविक. त्या उशीची परतफेड म्हणून त्याने समाधी करवली. फ्लॉरेन्सच्या दरबाराचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडे काम सोपवले. रंगीत संगमरवर, जास्पर आणि काशाचे चार उठावपट असे हे काम सुमारे दहा वर्षे चालले. त्या पटांत झेवियरचा उपदेश, बाप्तिस्मा, मारेकऱ्यांपासून सुटका आणि एकाकी मृत्यू असे प्रसंग आहेत.

पण ती समाधी गोव्यात उभी कोण करणार? सुटे भाग पेट्यांत भरून जहाजावर चढवले आणि त्यांच्यासोबत दोन कारागीर पाठवले : प्लाचिदो राम्पोनी आणि सिमोने फान्चुल्लाच्ची. १६९८ मध्ये त्यांनी ती इथे जोडली. राम्पोनीने या प्रवासाची रोजनिशी ठेवली. एका पाथरवटाने आपल्या हाताने लिहिलेली रोजनिशी! दगड घडवणाऱ्यांनी आपल्याविषयी लिहून ठेवल्याची उदाहरणे इतिहासात विरळा, म्हणून मला ती समाधीइतकीच मोलाची वाटते.

हे साल मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी जिंजीचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि राजाराम महाराज महाराष्ट्रात परतले. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १६८३ मध्ये, संभाजीराजांनी गोव्याला असे जेरीस आणले होते, की व्हाइसरॉयने याच संताच्या शवपेटीपाशी धाव घेतली आणि आपला राजदंड तिथे ठेवून शहराच्या रक्षणाची याचना केली. पुढे मोगल फौजा जवळ आल्याने मराठ्यांना माघार घ्यावी लागली. गोवेकर पोर्तुगिजांनी मात्र श्रेय संताला दिले. ज्या पेटीसमोर हे घडले, तिच्याखाली फ्लॉरेन्सचा चौथरा नंतर आला.

ती पेटी चांदीची आहे आणि तिचीही एक गंमत आहे. चौथऱ्याच्या आधी साठ वर्षे, १६३६-३७ मध्ये, ती गोव्यातल्या सोनारांनी घडवली. करवून घेणारा होता मार्चेल्लो मास्त्रिल्ली हा नेपल्सचा जेझुइट. म्हणजे वर इटालियनाची इच्छा आणि गोमंतकीयाचा हात. खाली इटालियनाचीच इच्छा आणि इटालियनाचाच हात. या दोहोंत पोर्तुगीज काय, तर छप्पर आणि जहाज!

इतके समजल्यावर मी दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका होता. सगळीकडे इटली दिसू लागण्याचा. हा रोग जुना आहे. सेबास्तियन मान्रिक हा पोर्तुगीज पाद्री १६४० च्या सुमारास आग्र्यात होता. ताजमहालाचा आराखडा जेरोनिमो वेरोनेओ नावाच्या व्हेनिसच्या जवाहिऱ्याने केला, असे त्याने लिहून ठेवले. वेरोनेओ खराच होता; आग्र्याच्या ख्रिस्ती कबरस्तानात त्याची कबर आहे. पण जवाहिऱ्याने इमारत रचली याला मान्रिकच्या ऐकीव माहितीपलीकडे आधार नाही. उलट उस्ताद अहमद लाहोरीच्या मुलाने आपल्या फारसी कवितेत ताज बांधल्याचे श्रेय बापाला दिले आहे. तरीही युरोपी लेखकांना वेरोनेओची कथा फार काळ गोड लागली. इतके सुंदर काम इथल्या माणसांचे कसे असेल, हा त्यामागचा न बोललेला प्रश्न.

मग ताजवरच्या दगडी फुलांचे काय? इथे प्रश्न खरोखर गुंतागुंतीचा आहे. फ्लॉरेन्सच्या पद्धतीत रंगीत दगडांचे पातळ काप कडेला कड भिडवून चित्रच्या चित्र जुळवतात. या कामासाठी मेदिचींनी १५८८ मध्ये सरकारी कार्यशाळा काढली. ती संस्था आजही आहे आणि दुरुस्तीच्या कामासाठी नावाजलेली आहे. आग्र्याची पच्चीकारी वेगळी. तिथे पांढऱ्या संगमरवरात फुलाच्या आकाराची खाच कोरायची आणि तीत अकीक, जास्पर, लाजवर्द यांचे तुकडे बसवायचे. दगडात दगड बसवण्याची विद्या भारताला नवी नव्हती. कुतुबमिनारजवळच्या अलाई दरवाजावर, १३११ मध्येच, लाल दगडात पांढरा संगमरवर खेळवलेला दिसतो. मौल्यवान खड्यांची बारीक फुलपाने घडवण्याची चाल मात्र सतराव्या शतकात जोरात आली, आणि फ्लॉरेन्सच्या वस्तू मोगल दरबारात पोहोचल्या होत्या, हेही खरे.

त्याचा पुरावा दिल्लीच्या लाल किल्ल्यात आहे. दिवाण-इ-आममधल्या शहाजहानच्या सिंहासनामागच्या भिंतीत काळ्या दगडावर पक्षी आणि फुले काढलेले फ्लॉरेन्सी तुकडे जडवले आहेत. आणि सर्वांत वर ग्रीक कथेतला ऑर्फियस, वाद्य वाजवून जनावरांना भुलवणारा. मुसलमान बादशहाच्या माथ्यावर ग्रीक गवई! कलेतिहासकार एबा कोख यांनी त्याचा अर्थ छान उलगडला : ज्याच्या राज्यात सिंह आणि कोकरू एकत्र नांदतात, असा सुलेमानासारखा न्यायी राजा. फ्लॉरेन्सने पाठवला गवई. शहाजहानने त्याचा केला न्याय. १८५७ नंतर एका इंग्रज कप्तानाने यांतले बारा तुकडे उचकटून विलायतेला नेले आणि सरकारला पाचशे पौंडांना विकले. कर्झनने ते परत आणवले आणि दुरुस्तीला पुन्हा फ्लॉरेन्सचाच कारागीर बोलावला.

या तीन ठिकाणांना आपण सरसकट 'इटालियन प्रभाव' म्हणतो आणि मोकळे होतो. पण गोव्यात दगड आला आणि त्यासोबत माणसेही आली. दिल्लीत दगड आला, त्याला अर्थ इथे मिळाला. आग्र्यात आली असेल ती फार तर एक कल्पना. पाया आणि हात इथलेच. तिन्ही व्यवहार निरनिराळे. पहिल्यात श्रेय न दिले तर राम्पोनीवर अन्याय. तिसऱ्यात नको तिथे दिले तर आग्र्याच्या पच्चीकारांवर.

मेदिची घराणे १७३७ मध्ये निर्वंश झाले. गोव्यातून पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले. समाधी जागेवर आहे. निवृत्तीनंतर एकदा एकटाच तिथे गेलो. बाजूला एक वाटाड्या पर्यटकांना सांगत होता, "हे सगळं पोर्तुगिजांनी बांधलं." मी त्याला अडवणार होतो, पण ओठांवर आलेले शब्द गिळले. ते वाक्य त्याला कुठल्या तरी शाळेत, कुठल्या तरी माझ्यासारख्याच मास्तराने दिले असणार.

ती मुलगी आता कुठे असते, मला माहीत नाही. तिच्या वहीतले उत्तर मला दुरुस्त करता येणार नाही. म्हणून ते इथे लिहितो : चांदी गोव्याच्या सोनारांची, दगड आणि कासे फोज्जिनीचे, जोडणी राम्पोनी आणि फान्चुल्लाच्चीची. 'पोर्तुगिजांनी' हा शब्द तेवढा खोडावा.