मनिलाची बँक व आपले व्यावसायिक

आशियाई विकास बँकेचा करार मनिला येथे १९६५ च्या डिसेंबरात झाला व १९६६ च्या डिसेंबरात ३१ सभासद-राष्ट्रांनिशी तिचे कार्य सुरू झाले. भारत संस्थापक सभासद. परंतु त्याने पहिले कर्ज घेतले ते १९८६ मध्ये. मधल्या २० वर्षांत आपला संबंध केवळ भांडवल भरण्यापुरता होता, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. कर्जातून होणारी खरेदी सामान्यतः सभासद-राष्ट्रांतूनच व्हावी, असा सनदेचा दंडक होता. म्हणून कर्ज शेजाऱ्याचे असले, तरी निविदा भरण्यास आपला कारखानदार पात्र होता.

ज्ञातिबांधवांनी एवढे ध्यानात घ्यावे की, मक्ता बँक देत नसते. तो कर्जदार सरकार अथवा त्याचे वीजमंडळ देते. बँक रीत पाळली की नाही एवढेच पाहते. तेव्हा मनिलास अर्जविनंत्या करणे व्यर्थ! शिवाय निविदेची जाहिरात हा शेवटला टप्पा होय. प्रकल्पाची पाहणी व मंजुरी यांत वर्षे जातात आणि त्याची माहिती बँक आधीच प्रसिद्ध करते. जाहिरात पाहून धावणाऱ्यास अनुभवाचे दाखले व बँक-हमी जुळविण्यास अवधी उरत नाही. लहान पेढीने तर मोठ्या मक्तेदाराशी उपमक्त्याची बोलणी त्याच सुमारास आरंभावीत.