शेळ्यांमधील जंत व चारा : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेश

चरणाऱ्या शेळ्यांच्या जठरांत्र मार्गात राहणाऱ्या जंतांचा उपद्रव शेळी काय खाते व किती उंचीवरून खाते, यावर लक्ष ठेवून बराच कमी करता येतो. पूर्व विदर्भाच्या वनप्रदेशात या उपायाचा इतिहास पशुवैद्यकाचा आहे, तितकाच वनप्रशासनाचाही आहे. चंद्रपूर (पूर्वीचा चांदा) व २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांत पानझडी जंगल, भातखाचरे व तलाव एकमेकांना लागून आहेत. पावसाळ्यात पिके उभी असताना जनावरे शेतात सोडता येत नाहीत. ती पडीक जमिनीवर व तलावांच्या काठी चरतात आणि तेथील ओलसर, आखूड गवत जंतांच्या अळ्यांना फार मानवते.

जंतांपैकी सर्वांत घातक हीमाँकस काँटॉर्टस हा होय. तो चौथ्या जठरात राहून रक्त शोषतो. शेळीच्या डोळ्यांची अंतस्त्वचा पांढरट पडते, जबड्याखाली पाणी साठून सूज येते व करडे दगावतात. याची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंड्यांवाटे बाहेर पडतात आणि उबदार, दमट हवेत सु. आठवड्याभरात संसर्गक्षम अळ्या तयार होतात. दवाच्या पाण्यातून त्या गवतावर चढतात, परंतु बहुसंख्य अळ्या जमिनीपासून काही सेंमी.पर्यंतच पोचतात. स्वभावतः शेळी झुडपांचा पाला ओरबाडणारा प्राणी आहे. मागील पायांवर उभी राहून बोर, खैर, बाभूळ खाणाऱ्या शेळीच्या तोंडी या अळ्या क्वचितच लागतात. म्हणूनच की काय, जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती तिच्यात मेंढीइतकी विकसित झालेली नाही. पाल्यावरून गवतावर आणलेली शेळी मेंढीपेक्षाही लवकर खंगते.

वनप्रशासनाचा संबंध येथे येतो. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांतील चराईवर निर्बंध आले व रोपे खुडणारी म्हणून शेळीवर वनाधिकाऱ्यांचा विशेष रोष राहिला. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने तर शेळ्यांची चराई वृक्षवाढीशी विसंगतच ठरविली. कोवळ्या रोपवनाचे शेळीपासून रक्षण करणे आवश्यक होते, यात शंका नाही. मात्र पाल्यापासून तोडलेल्या कळपाला गावालगतच्या तुडविलेल्या कुरणावर काय खावे लागेल, याचा विचार त्या धोरणात दिसत नाही.

जंतांवर वनस्पतींचा उपयोग फार जुना आहे. चरकसंहितेत कृमिनाशक द्रव्यांमध्ये वावडिंग श्रेष्ठ मानले आहे. पळसाच्या बियाही कृमिघ्न म्हणून आयुर्वेदात प्रसिद्ध आहेत आणि या जिल्ह्यांत पळसाला तोटा नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानातील प्रयोगात मेंढ्यांना वजनाच्या दर किग्रॅ.ला ३ ग्रॅ. पळसबियांची पूड दिल्यावर विष्ठेतील अंड्यांची संख्या सु. ७८ टक्क्यांनी घटली. हे औषध झाले, आहार नव्हे. त्याची मात्रा ओलांडणे धोक्याचे असते.

मोरचूद व तंबाखूचा अर्क यांनंतर १९३८ मध्ये फेनोथायाझीन व १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले, तेव्हा चाऱ्याचा प्रश्न मागे पडला. पण १९६४ मध्येच अमेरिकेत थायाबेंडाझोलला न जुमानणारे जंत आढळले व १९७६ मध्ये भारतातील मेंढ्यांमध्येही तशी नोंद झाली. शेळीच्या शरीरातून औषधाचा निचरा मेंढीपेक्षा जलद होतो. त्यामुळे मेंढीची मात्रा शेळीला दिल्यास ती अपुरी पडते व चिवट जंतच मागे उरतात.

आहाराकडे पुन्हा लक्ष वळले ते या अनुभवामुळे. उत्तम पोसलेली मेंढी जंतांना अधिक तोंड देते, हे ऑस्ट्रेलियातील क्ल्यूनीस रॉस व गॉर्डन यांच्या १९३० च्या दशकातील कार्यावरून पुढे आले होते. त्यात प्रथिनांचे महत्त्व विशेष असल्याचे नंतर स्पष्ट झाले. रक्तशोषाने झालेली हानी भरून काढण्यास व प्रतिकारास प्रथिने लागतात, त्यामुळे गाभण व दुभत्या शेळीला पावसाळ्यात थोडी पेंड देणे हा जंतांवरचाही उपाय ठरतो. १९९० नंतर टॅनिनयुक्त पाल्याचा अभ्यास वाढला. संघनित टॅनिने प्रथिनांशी संयोग पावतात, त्यामुळे ती पहिल्या जठरात न कुजता आतड्यापर्यंत पोचतात. शिवाय टॅनिनांचा जंतांवर काही प्रत्यक्ष परिणामही होतो. इझतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत वड-पिंपळाच्या वंशातील एका वृक्षाच्या व पेरूच्या पानांच्या मिश्रणावर प्रयोग झाले आहेत.

तथापि प्रत्येक तुरट पाला गुणकारी नसतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झिंबाब्वेतील प्रयोगात अकेशिया करू या आफ्रिकी जातीच्या पाल्याने शेळ्यांतील जंत सु. एक-तृतीयांशाने कमी झाले. आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या बाभळीने मात्र उल्लेखनीय फरक पडला नाही. टॅनिन फार झाल्यास भूक व पचनही मंदावते. एका झाडाचे नाव घेऊन त्याची शिफारस करण्यापेक्षा मिश्र पाला जमिनीपासून उंच टांगून देणे, सकाळी दव ओसरल्यावरच कळप सोडणे व करडांना तलावकाठापासून दूर ठेवणे अधिक भरवशाचे आहे. कळपातील सर्वच शेळ्यांना सरसकट औषध न देता पापणीच्या आतील रंग पाहून फिकट दिसणाऱ्यांनाच ते द्यावे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला. २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) व मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. अशा गावांत कोणत्या पट्ट्यातील पाला केव्हा व किती छाटावा आणि कोणती रोपवने शेळ्यांसाठी बंद ठेवावीत, हे ग्रामसभेला ठरविता येते.