जुना विंडोज ७ सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

दूध संस्था, सेवा केंद्रांत विंडोज ७ चे कॉम्प्युटर अजून चालतात. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट बंद केला, मशीन मात्र सोडवत नाही. मग एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ येतं. एक्सपीवर तिथे ‘एनटीएलडीआर’ दिसतं.

आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा आणि परत चालू करा. कॉम्प्युटर बऱ्याचदा त्यातच विंडोज शोधत बसलेला असतो. दुखणं एवढंच, आणि लोक मशीन उचलून तालुक्याला नेतात!

घड्याळ-तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. सेल बसला की बायोसच्या सेटिंग मूळ जागी जातात. त्यात साटा मोड बदलला की निळा पडदा येतो, शेवटी ‘७बी’ आकडा. नवा सेल टाकून मोड पहिल्यासारखा करा.

विंडोजचं चिन्ह येऊन अडकत असेल तर सुरू होतानाच एफ ८ दाबत राहा. ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ घ्या, नाही जमलं तर ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधून ‘स्टार्टअप रिपेअर’. बूटएमजीआरच नसेल तर ही यादी येत नाही, विंडोज ७ ची डीव्हीडी लागते.

हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर मशीन लगेच बंद करा. दुरुस्तीवाला फॉरमॅट म्हणाला, तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून सभासदांचे हिशेब आधी काढून घ्यायला लावा. डेस्कटॉपवरच्या फाइली सी ड्राइव्हमध्येच असतात, त्याही सांगा.