इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या गाडीचे मागचे ब्रेक घरी बदलताना

चालकाच्या डाव्या हाताशी असणारा, ओढताच 'कर्र' असा ओळखीचा आवाज करणारा हॅण्डब्रेकचा दांडा नव्या मोटारींमधून हळूहळू नाहीसा होत आहे. त्याच्या जागी वर्तुळातील 'पी' हे अक्षर मिरवणारे एक लहानसे बटण आले आहे. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या 'सेव्हन सीरिज'सारख्या महागड्या गाडीत दिसलेली ही सोय २००५ च्या फोक्सवॅगन पसाटमुळे मध्यम वर्गातील गाड्यांपर्यंत पोहोचली. आपल्याकडे २०२० ची ह्युंदाई क्रेटा, २०२१ ची महिंद्र एक्सयूव्ही ७००, २०२२ ची टाटा नेक्सॉन ईव्ही मॅक्स अशा गाड्यांच्या वरच्या श्रेणींतून ती सर्वसामान्य ग्राहकाच्या परिचयाची झाली.

बटण सोयीचे खरे. परंतु मागचे ब्रेक पॅड बदलण्याची वेळ आली की जुन्या सवयी येथे उपयोगी पडत नाहीत. हाताने कामे करण्याची आवड असलेल्या गाडीमालकाला पुढचे पॅड बदलणे फारसे कठीण नसते. तीच रीत मागच्या चाकांना लावली, तर मात्र कॅलिपरमधील मोटार निकामी होऊ शकते किंवा बोटे चिरडू शकतात. म्हणूनच पाना हाती घेण्यापूर्वी ही यंत्रणा चालते कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

यंत्रणेची रचना

इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचे प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात गाडीच्या खालच्या भागात एक मोटार असते आणि ती नेहमीच्याच केबल ओढते. येथे दांड्याची जागा विजेने घेतली एवढाच फरक. दुसरा आणि आज अधिक प्रचलित असलेला प्रकार म्हणजे मागच्या प्रत्येक कॅलिपरवर बसविलेली स्वतंत्र मोटार. चाक काढल्यावर कॅलिपरच्या पाठीवर प्लॅस्टिकची एक डबी आणि तिच्यात शिरणारी विजेची वायर दिसली, की हा दुसरा प्रकार समजावा.

या डबीतील लहान मोटार गिअरच्या साहाय्याने एक स्क्रू फिरविते. स्क्रूवरील नट पिस्टनच्या पोकळीत पुढे सरकतो आणि पिस्टनला आतून रेटतो. पिस्टन पॅडला आणि पॅड डिस्कला दाबतो. पायाने ब्रेक दाबल्यावर हाच पिस्टन ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येतो. म्हणजे पिस्टन एकच, मात्र त्याला ढकलणाऱ्या शक्ती दोन. पुरेसा दाब बसला की मोटारीला लागणारा विद्युतप्रवाह वाढतो. नियंत्रक संगणक त्यावरून ब्रेक लागल्याचे ओळखतो आणि मोटार बंद करतो.

खरी मेख येथेच आहे. पार्किंग ब्रेक सोडल्यावर हा नट पूर्ण मागे जात नाही. पुढच्या वेळी ब्रेक चटकन लागावा म्हणून तो थोडासाच मागे सरकून थांबतो. पॅड झिजत जातात तसतशी त्याची विश्रांतीची जागाही पुढे सरकत जाते. नवे, जाड पॅड बसविण्यासाठी पिस्टन पूर्ण आत घालावा लागतो. आणि नट वाटेत उभा असताना सी-क्लॅम्पने जोर लावला, तर स्क्रू, गिअर किंवा मोटार यांपैकी काहीतरी तुटते. मग दोन पॅडच्या कामासाठी संपूर्ण कॅलिपर बदलण्याची वेळ येते.

'सर्व्हिस मोड' म्हणजे काय?

नट पूर्णपणे मागे घेऊन यंत्रणेला तेथेच थांबवून ठेवणे, यालाच 'सर्व्हिस मोड' किंवा 'मेन्टेनन्स मोड' म्हणतात. या अवस्थेत जाण्याचे मार्ग गाडीगणिक वेगळे असतात. काही गाड्यांत इग्निशन चालू करून अॅक्सिलरेटर आणि पार्किंग ब्रेकचे बटण ठरावीक क्रमाने व ठरावीक सेकंद दाबून ठेवावे लागते. काहींमध्ये पडद्यावरील मेन्यूतच ही सोय असते. उरलेल्या गाड्यांसाठी स्टिअरिंगखालील ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडावा लागतो. स्कॅनर विकत घेताना तो आपल्या मॉडेलचा पार्किंग ब्रेक हाताळू शकतो का, याची खात्री करावी. केवळ इंजिनातील दोष वाचणारी स्वस्त उपकरणे या कामाची नसतात.

मोटारीला थेट बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर लावून नट मागे घेणे, किंवा मोटार उघडून स्क्रू हाताने फिरविणे, हे 'जुगाड' अनेक ठिकाणी चालतात. त्यात नट कोठे थांबला याचा संगणकाला पत्ता नसतो आणि तो टोकाला अडकून बसण्याची भीती असते. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत ही रीत दिलेली नसेल, तर ती टाळावी.

काम हाती घेण्यापूर्वी

साहित्याची जमवाजमव आधी करावी. चांगला जॅक, वजनास पुरेसे दोन स्टॅण्ड, पान्यांचा संच, टॉर्क रेंच, सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, रबराला न मानवणारे घटक नसलेले ब्रेकसाठीचे खास ग्रीस, हातमोजे, डोळ्यांसाठी चष्मा आणि तोंडाला मास्क. पॅड गाडीच्या नेमक्या मॉडेलचे व वर्षाचे असावेत. एकाच बाजूचा पॅड अधिक झिजला असला तरी दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलावेत. अन्यथा ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते.

जागा सपाट व टणक हवी. सोसायटीच्या तळमजल्याकडे जाणारा उतार, मातीची जमीन किंवा उन्हाने मऊ झालेले डांबर या कामास योग्य नाही. सर्व्हिस मोडमध्ये पार्किंग ब्रेक पूर्ण सुटलेला असतो, हे विसरू नये. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावणे अनिवार्य आहे. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पहिला गिअर किंवा 'पी' टाकल्याने पुढची चाके अडतात. पण मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत ती अडत नाहीत. अशा गाडीची मागची बाजू उचलल्यावर केवळ ठोकळेच तिला धरून ठेवतात.

बॅटरी अशक्त असल्यास ती आधी चार्ज करावी. नट मागे जात असताना वीज अपुरी पडली, तर यंत्रणा अर्धवट अवस्थेत अडकते. काही गाड्या दार उघडताच किंवा किल्ली जवळ येताच जाग्या होऊन ब्रेकची तपासणी करू पाहतात. म्हणून सर्व्हिस मोड सुरू झाल्यावर इग्निशन बंद करून स्मार्ट किल्ली घरात दूर ठेवावी आणि मुलांना गाडीपाशी फिरकू देऊ नये. कॅलिपर सुटा असताना कोणी बटण दाबले तर पिस्टन बाहेर येऊ शकतो, आणि तेथे बोट असल्यास मोटार ते ओळखत नाही.

प्रत्यक्ष कृती

चाकाचे नट जमिनीवरच किंचित सैल करावेत. सर्व्हिस मोड सुरू झाल्याचा संदेश किंवा दिवा पाहूनच गाडी उचलावी आणि पुस्तिकेत दाखविलेल्या जागी स्टॅण्ड लावावेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही हात घालू नये. चाक काढल्यावर एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. दुसरी बाजू न उघडलेली असली म्हणजे कोणता भाग कसा बसतो हे पाहता येते.

कॅलिपरचे गाइड पिनचे बोल्ट सोडवून कॅलिपर बाजूला घ्यावा आणि तारेने स्प्रिंगला टांगून ठेवावा. त्याचे वजन ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा मोटारीच्या वायरवर पडता कामा नये. जुने पॅड काढताना आतला कोणता, बाहेरचा कोणता आणि झीज दर्शविणारी पत्ती कोठे होती, याची नोंद ठेवावी. मोबाइलवर छायाचित्र घेणे उत्तम. आतला व बाहेरचा पॅड असमान झिजला असेल, तर गाइड पिन गंजून अडकल्याचे ते लक्षण आहे. मुंबई-कोकणातील दमट हवेत आणि पावसाळ्यानंतर हा दोष हमखास आढळतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटारच करते. त्यामुळे पॅड फार झिजत नाहीत. मात्र कमी वापरामुळे पिन व डिस्क गंजतात.

डिस्कची पाहणी येथेच करावी. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. जाडी त्याहून कमी असल्यास, किंवा खोल चरे वा तडे असल्यास, डिस्क बदलावी. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती फुप्फुसांना अपायकारक असते. क्लीनरने ओली करून पुसावी.

आता पिस्टन आत घालण्याचे काम. बॉनेटखालील ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण सैल करावे. पिस्टन मागे जाताना ऑइलची पातळी वाढते. ते सांडल्यास गाडीचा रंग खराब होतो. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाब द्यावा. दांड्याच्या हॅण्डब्रेकच्या अनेक गाड्यांत मागचा पिस्टन फिरवीत आत घालावा लागतो; कॅलिपरवर मोटार असलेल्या बहुतेक गाड्यांत तो सरळ दाबायचा असतो. केबल ओढणाऱ्या प्रकारात मात्र फिरविण्याची रीत असू शकते, म्हणून पुस्तिका पाहावी. पिस्टन सहज सरकत नसेल तर जोर लावू नये. नट मागे गेलेला नाही, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो.

पिस्टनभोवतीचे रबरी आवरण फाटलेले नाही ना, हे पाहावे. पॅडच्या कानांच्या बैठका तारेच्या ब्रशने घासून नव्या क्लिपा बसवाव्यात. गाइड पिनना आणि पॅडच्या कानांना ग्रीसचा पातळ थर द्यावा. पॅडच्या घर्षणाच्या पृष्ठभागावर किंवा डिस्कवर त्याचा डागही नको. नवे पॅड बसवून सर्व बोल्ट पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळावेत. काही बोल्ट एकदाच वापरण्याचे असतात. ते नवेच घ्यावेत.

जोडणीनंतर

दोन्ही बाजू पूर्ण झाल्यावर, गाडी सुरू करण्यापूर्वी ब्रेकचे पेडल सावकाश अनेकदा दाबावे. सुरुवातीस ते थेट तळाला जाते, कारण पिस्टन व पॅड यांच्यात पोकळी असते. ते टणक लागेपर्यंत दाबत राहावे. या एका टप्प्याच्या विस्मरणामुळे पार्किंगमधून बाहेर पडतानाच गाडी भिंतीवर जाऊ शकते. त्यानंतर पुस्तिकेतील क्रमाने सर्व्हिस मोडमधून बाहेर यावे आणि पार्किंग ब्रेक तीन-चार वेळा लावून सोडावा. यातून संगणक नव्या पॅडची जाडी नव्याने शिकतो. काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनरवरून 'कॅलिब्रेशन' करावे लागते. चाकाचे नट गाडी खाली घेतल्यावर टॉर्क रेंचने आवळावेत, ऑइलची पातळी तपासावी आणि डॅशबोर्डवर कोणताही इशारा उरलेला नाही याची खात्री करावी. बटण लावल्यावर दोन्ही बाजूंच्या मोटारींचा सारखा आवाज ऐकू आला पाहिजे.

नवे पॅड पहिल्याच दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास जाऊन मध्यम दाबाने वेग कमी करावा, थोडे अंतर गाडी तशीच चालवून ब्रेक निववावेत, असे आठ-दहा वेळा करावे. पहिले २००-३०० किलोमीटर शक्यतो जोराचे ब्रेक टाळावेत. दुसऱ्याच दिवशी सामानसुमान भरून बोरघाट किंवा कसारा घाट उतरण्याचा बेत आखू नये.

केव्हा थांबावे?

कॅलिपरमधून ऑइल गळत असेल, पेडल टणक होत नसेल, एबीएसचा किंवा पार्किंग ब्रेकचा दिवा विझत नसेल, तर गाडी रस्त्यावर आणू नये. गाडी वॉरंटीत असल्यास तिच्या अटी आधी वाचाव्यात. आपल्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका, स्टॅण्ड आणि टॉर्क रेंच या तीन गोष्टींपैकी एकही नसेल, तर हे काम जाणकाराकडे सोपविणेच शहाणपणाचे.

तेथेही डोळे मिटून गाडी सोडू नये. नाक्यावरच्या गॅरेजमधील कारागीर पुढच्या ब्रेकमध्ये निष्णात असेल. परंतु 'सर्व्हिस मोड कसा लावणार?' आणि 'काम झाल्यावर कॅलिब्रेशन करणार का?' हे दोन प्रश्न त्याला जरूर विचारावेत. उत्तरादाखल त्याने स्कॅनर दाखविला किंवा गाडीच्या पुस्तिकेतील क्रम सांगितला, तर निश्चिंत व्हावे. 'त्याची काही गरज नाही, दाबून बसवतो' असे उत्तर मिळाले, तर किल्ली परत घेण्यात संकोच बाळगू नये.